चुरचुरणारं पान

करोनाने आमच्या नम्रताचं नाक नेलं. म्हणजे नाक जागेवर आहे, त्यावरचा रागही आहे. वास तेवढा गेला. फोडणी करपली तरी हिला पत्ता नाही. जिच्या आमटीसाठी अख्ख्या येरवड्यातले नातेवाईक निमित्त काढून जेवायला यायचे, ती बायको मसाला अंदाजाने घालायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मी "झकास" म्हणायचो. तिला ते खोटं वाटायचं, आणि बऱ्याचदा असायचंही.

डॉक्टर म्हणाले, रोज उग्र वास हुंगत राहा, आला तर परत येईल. लवंग झाली, निलगिरी झाली. मग हिने ओरेगॅनो, पिझ्झावर भुरभुरतात ते, कुंडीत लावायचं काढलं, रोज ताजं पान चुरडायला.

नर्सरीतून रोप मीच आणलं, चांगलं हुंगून, खात्री करून. हिने एक पान खुडलं, चावलं आणि म्हणाली, "हा मरवा आहे."

नाक गेलेल्या माणसाने हे मला सांगावं? पण तिचं म्हणणं साधं होतं. ओरेगॅनोने जीभ चुरचुरते, याने चुरचुरत नाही, आणि चुरचुरायला नाक लागत नाही. तणतणत नर्सरीत परत गेलो. नर्सरीवाला म्हणाला, बरोबर आहे, दोघं एकाच कुळातले; गजऱ्यात घालतात तो हा. घ्या! धडधाकट नाकाचा मी फसलो आणि ओळखलं हिने. मानलं बुवा.

दुसरं रोप खरं निघालं. हिने मातीत भरपूर वाळू मिसळली, कुंडी कडक उन्हात ठेवली, माती सुकल्याशिवाय पाण्याचा थेंब दिला नाही. शेंडे खुडत गेली तसं ते कुंडीबाहेर पसरलं. रोज सकाळी पान चुरडायचं, डोळे मिटून श्वास घ्यायचा, आणि नाही म्हणून मान हलवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी असतो तर कुंडी कधीच शेजाऱ्यांना देऊन टाकली असती. या बाईच्या चिकाटीला तोड नाही.

परवा मार्केट यार्डातून कांद्याची पिशवी खांद्यावर घेऊन आलो आणि गॅलरीत तिच्याशेजारी टेकलो. ती पान नाकाशी धरून बसली होती. एकदम डोळे उघडून माझ्याकडे वळली. कपाळाला आठी.

"अहो, सरका तिकडे. घामाचा वास येतोय तुमच्या अंगाला."

एवढा गोड अपमान जन्मात झाला नव्हता. माझे डोळेच भरून आले. मी तिकडे कुठला सरकतोय, आणखी जवळ सरकलो आणि म्हटलं, "पुन्हा म्हण."