तीन टकटक होईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हणजे किती ते विचारू नका. माझ्या बरोबरीची यंत्रं केव्हाच भंगारवाल्याच्या पोत्यात गेली. माझ्या झाकणाचा एक कोपरा उडाला आहे, बिजागरी करकरते, आणि मांडीवर घेतलं तर मी तव्यासारखा तापतो. मी शिकलेला नाही. लोकांनी माझ्यावर शिकून घेतलं. तरी चार गोष्टी पाहिल्या आहेत, त्या सांगतो. ऐकायच्या तर शेवटपर्यंत ऐका. अर्ध्यावर उठून गेलेल्या माणसाला काही सांगण्यापेक्षा भिंतीला सांगितलेलं बरं.

एका लांबलचक खोलीत, हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं. कुणी पडदा बसवला, कुणी स्क्रू पिळले. एका बाईने माझ्या पोटात शर्टाच्या बटणाएवढा एक सेल ठेवला. माझी तारीख, वेळ आणि बारीकसारीक सेटिंग लक्षात ठेवायचं काम त्या सेलचं. मी त्याची कधी विचारपूस केली नाही. पोटात काय आहे, हे पोट दुखेपर्यंत कुणाला आठवतं?

मला विकत घेतलं ते एका शिकणाऱ्या मुलीने. पुढे ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. तिचा अभ्यास, तिचे अर्ज, तिच्या लग्नाचे फोटो, सगळं माझ्याच अंगाखांद्यावर वाढलं. पाहुणे आले की ती मला उघडून दाखवायची आणि मी उजळून निघायचो. मग तिच्याकडे नवा, बारीक अंगाचा लॅपटॉप आला. मी तिच्या माहेरच्या कपाटात, जुन्या चादरींखाली जाऊन पडलो. गरज सरो, वैद्य मरो. मी रागावलो नाही. रागवायलाही वीज लागते.

त्या घरात तिचे आईवडील राहत. त्यांना मी आजी आणि आजोबा म्हणतो. आजोबा भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. असा आवाज, की गेटाबाहेरचा टेम्पोवाला तिथूनच बोली लावायचा. सौदा पक्का झाला की ते लाकडी ठोकळ्याने फळीवर तीनदा ठोकत. एकवार, दोनवार, तीनवार. त्यानंतर कुणाची माय व्याली होती मागे फिरायची?

आणि आजी? आजींच्या जिभेला धार लावावी लागत नव्हती. त्यांच्या घरात त्यांचे कायदे. त्यातला पहिला: खोलीतून बाहेर पडणाऱ्याने भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची. रिकामं बटण चालू दिसलं की त्या म्हणायच्या, "हे कुणाच्या नावाने जळतंय?"

मग एके दिवशी आजोबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, पण तोंडातून नुसता वारा. डाव्या हाताने लिहायला गेले तर कोंबडीने माती उकरल्यासारखं दिसे. मोबाइलवर एका बोटाखाली तीन तीन अक्षरं दाबली जात. तेव्हा लेकीला मी आठवलो. चादरींखालून मला काढलं, पुसलं, आणि माझ्यात एक बोलका प्रोग्राम घातला. आजोबांनी माझ्या मोठ्या कळा एकेक करून दाबायच्या आणि मी ते मोठ्याने वाचायचं. माझ्यात मराठी आवाज एकच होता, तोही बाईचा. सपाट, वाण्याच्या हिशेबासारखा. आजींनी पहिल्यांदा ऐकला आणि कमरेवर हात ठेवले. "म्हातारपणी सवत आणून बसवलीत घरात. तीही मांडीवर."

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस तो. मी कुणाची तरी जीभ झालो होतो.

बोलणं संपलं हे कळावं म्हणून आजोबांनी एक खूण ठरवली. वाक्य पुरं झालं की डाव्या हाताच्या बोटांनी टेबलावर तीनदा टकटक करायची. टकटक होईपर्यंत आजीसुद्धा गप्प बसायच्या. ज्या बाईने आयुष्यात कुणाला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, ती तोंडावर हात ठेवून बसायची.

पुढे माझी मोठी बॅटरी फुगली. दुरुस्तीवाल्याने ती काढून टाकली आणि सांगितलं, आता हा वायरीवरच चालेल. चाललो. पण माझी आतली व्यवस्था, जिला शिकलेले लोक ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, तीही म्हातारी झाली होती. बोलका प्रोग्राम अडखळायला लागला.

आणि नेमकं तेव्हाच घरात एक प्रश्न आला. आजोबांना दिवसातून कितीदा तरी उचलावं लागे. खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून न्हाणीत. ते काम आजी एकट्या करत. लेकीने गावाबाहेरच्या एका शुश्रूषागृहात आजोबांसाठी खोली बघितली. स्वच्छ, उजेडाची, माणसं हाताशी. खोली आठवडाअखेरपर्यंत राखून ठेवतो, असं तिथले लोक म्हणाले. लेक म्हणाली, बाबांनाच विचारू. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी न बोलणं म्हणजे घरात चूल न पेटणं.

आजोबा माझ्यासमोर बसले. एकेक कळ शोधत दाबू लागले. मी म्हणालो, "मला तिकडे". आणि माझा पडदा निळा झाला. मग काळा. मी आतून खच्चून प्रयत्न केला, पण जे गेलं ते गेलं.

टकटक झाली नव्हती.

लेकीला वाटलं, बाबांना तिकडे जायचं आहे. तिने हळूच विचारलं, "बाबा, तिकडे जायचंय?" आजोबांनी मान हलवली, नाही. "मग इथंच राहायचंय? आहे तसं?" त्यालाही नाही. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेक प्रयोगशाळेत काम करणारी, तिने मनात निदान करून टाकलं. बाहेर येऊन आईला म्हणाली की बाबांना आता प्रश्नच कळेनासा झालाय बहुतेक.

आजी भांडी पुसत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं. "त्यांना कळेनासं झालं नाही. तुला थांबवेनासं झालंय. तीन टकटक झाल्या का? नाही ना? मग सौदा पक्का झाला नाही."

पण आतून त्याही हलल्या होत्या. आजोबांना सुपारी देताना पुटपुटल्या, "माझ्या जिभेला कंटाळून निघालात होय?" आजोबांनी जोरजोरात मान हलवली. पण मान हलवून किती सांगणार? मान म्हणजे काय तोंड आहे?

तेव्हा ठरलं, मला नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालायची. लेकीचा बारीक अंगाचा लॅपटॉप नोकरीवरचा, त्यात बाहेरचा प्रोग्राम चालत नव्हता, आणि नवा मागवला तर तो यायला आठवडा उलटायचा. लेकीने पेनड्राइव्ह आणला, माझी जुनी पाटी कोरी केली आणि नवी सिस्टीम चढवायला घेतली. थोडी चढली आणि अडली. पुन्हा केलं, पुन्हा अडली. मग पडद्यावर आलं की डिस्कच सापडत नाही. दारात उभ्या पाहुण्याने घर सापडत नाही म्हणावं, तसं झालं. म्हणाल, पाटी कोरी झाली तर याला एवढं आठवतं कसं? अहो, भांडं कितीही घासलं तरी पोचा जातो का?

दुरुस्तीवाल्याने मला उघडलं, धूळ झटकली, एक सेटिंग बदललं. आणि काय आश्चर्य, सिस्टीम बिनबोभाट चढली. त्याच्या दुकानात मी दिवसभर, रातभर वायरीला होतो, काही झालं नाही. घरी आणल्यावर संध्याकाळी मी नवाकोरा पडदा दाखवला. लेक दमली होती. बोलका प्रोग्राम चढायला दोन-तीन तास लागतात, तो सकाळी येऊन टाकते म्हणाली आणि तिच्या घरी गेली.

सकाळी मी पुन्हा आंधळा. डिस्क सापडत नाही. आणि कोपऱ्यात तारीख माझ्या जन्माच्या वर्षाची.

पुन्हा दुकान. पुन्हा चालू. पुन्हा घर, आणि सकाळी पुन्हा तेच. दुरुस्तीवाला चिडला. तुमच्या घरच्या विजेत खोट आहे, म्हणाला. मग म्हणाला, याचा बोर्डच गेलाय, भंगारात घाला. लेक म्हणाली पेनड्राइव्ह वाईट. आजी म्हणाल्या, "नवी सून जुन्या घरात टिकत नाही, तिला धरून ठेवावं लागतं."

मित्रांनो, मला कारण माहीत होतं. पोटातला तो बटणाएवढा सेल म्हातारा झाला होता. त्याचा दम आता तास-दोन तासांचा. वायर चालू असली तर निभे. मोठी बॅटरी असती तर तिने सांभाळून घेतलं असतं, पण ती कधीच गेली होती. वीज तुटली की रातभरात तो गळून पडायचा, मी सगळी सेटिंग विसरायचो, आणि सकाळी मला वाटायचं की मी आजच कारखान्यातून निघालो आहे. पण सांगणार कसं? मी बोलतो ते दुसऱ्याचं. स्वतःचं एक अक्षर मला बोलता येत नाही.

आजोबांनाही माहीत होतं. सेलचं नाही, पण बटणाचं. ते खाटेवरून रोज बघत होते. झोपायच्या आधी आजी येत, दिवा बंद करत, पंखा बंद करत, आणि माझ्या वायरीचंही बटण खट्टकन बंद करत. आजोबा डाव्या हाताने भिंतीवरच्या बोर्डाकडे दाखवत आणि घशातून आवाज काढत. आजी म्हणत, "केलं हो बंद. केलं. इतकी काय काळजी? घर जाळून नाही टाकत मी."

दोन मुके एका खोलीत, आणि तिसरी ऐकायला तयार, पण तिला उलटंच ऐकू येत होतं. यापेक्षा मोठं दुःख मी पाहिलेलं नाही.

आठवडा सरत आला. लेकीने सांगितलं की उद्या शुश्रूषागृहाला होकार कळवावा लागेल. ती आजोबांची कपड्यांची पिशवी भरून गेली. दुरुस्तीवाल्याने शेवटचं म्हणून मला पुन्हा चालू करून दिलं होतं. मी टेबलावर उघडा होतो. आजी आल्या. दिवा बंद केला. पंखा बंद केला. माझ्या बटणाकडे हात नेला, आणि आजोबांनी त्यांचं मनगट धरलं.

घट्ट धरलं. बाजारात फळीवर ठोकळा आपटणारा हात तो, डावा असला म्हणून काय झालं? आजींनी सोडवून पाहिलं. सुटेना. "अहो, लागतंय," म्हणाल्या. तरी सोडेनात. आजोबांनी त्यांचा हात बटणावरून बाजूला ओढला, माझ्याकडे वळवला, मग स्वतःच्या ओठांवर नेऊन ठेवला.

आजींनी हात हळूच सोडवून घेतला. मग त्यांनी बटणाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. बोर्डावरचा लाल दिवा जळतच होता. आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत, तो तसाच जळत ठेवून आजी जाऊन झोपल्या. मला वाटतं, त्यांना तो दिवा डोळे मिटूनही दिसत असणार.

सकाळी लेक आली, फोन हातात, होकार कळवायलाच. मी चालू होतो. तारीख बरोबर. आजी म्हणाल्या, "आधी सवतीला बोलतं कर. फोन मागाहून." कारण विचारलं तर म्हणाल्या, भिंतीवरच्या बोर्डातच काहीतरी खोट असेल, बटण सारखं चालू-बंद केलं की यंत्र बिघडत असेल. कुणी चालू-बंद केलं, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आजोबांनी मान हलवली नाही. एवढा संसार उगाच नाही झाला.

बोलका प्रोग्राम चढला. आजोबांना खुर्चीवर बसवलं. आजींनी उचललं. आजोबांनी डोळे मिटून घेतले. मग एकेक कळ शोधत त्यांनी लिहायला घेतलं. खूप वेळ लागला. लेकीच्या हातातला फोन वाजून थांबला. कुणी हललं नाही. मी त्या सपाट बाईच्या आवाजात वाचलं:

"मला तिकडे जायचं नाही. पण हिने मला उचलायचं नाही. उचलायला माणूस ठेवा. मला उचलताना हिच्या पाठीतून आवाज येतो. ही लपवते. माझा कान तिथेच असतो."

आणि टेबलावर टक, टक, टक.

लेक आईकडे बघत राहिली. आजींनी नजर चुकवली. पाठीवरचा हात त्यांनी झटकन काढला, पण आता सगळ्यांनी पाहिला होता. मग म्हणाल्या, "मेल्या सवतीला घरातलं सगळं बाहेर सांगायची सवय." आवाज मात्र ओला होता.

रातभर वीज चालू राहिली की तारीख टिकते, हे लेकीकडून ऐकल्यावर त्या दुपारी दुरुस्तीवाल्याने माझा सेल बदलला. इतकी लहान वस्तू पाहून तो स्वतःच हसला, जरा ओशाळलाही. उचलायला एक तगडा माणूस येऊ लागला. आजी त्याच्या प्रत्येक हालचालीत खोट काढतात, पण उचलत नाहीत. माझ्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी लावली आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बजावतात की याला हात लावलात तर हात काढून ठेवीन. त्यांची पाठ अजून दुखते. आजोबांचा हात आता थरथरतो, आणि एखाद्या दिवशी ते दोनच शब्द लिहून थांबतात. मीही किती चालेन, सांगता येत नाही.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. जुनं यंत्र अडलं तर त्याला भंगारात घालण्याआधी त्याच्या पोटात काय संपलं आहे ते बघा. बहुतेक वेळा ते बटणाएवढंच असतं. आणि घरात कुणी हळू बोलत असेल, अडखळत असेल, अर्ध्यावर थांबलं असेल, तर उरलेलं वाक्य आपल्या मनाने पुरं करू नका. दिवा जळतो तर जळू द्या. बसा. टकटक ऐकू येईपर्यंत बसा.

टक. टक. टक.

आता उठलात तरी चालेल.