रविवारी केलेलं अपडेट

चपलांच्या दुकानातला कॉम्प्युटर चालवायचा तो वहिनींनीच. थोरला भाऊ माल आणायला सतत बाहेरगावी, म्हणून वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या बिलिंग शिकल्या. कोणतं बटण कशासाठी, हे त्यांनी एका वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं. पण घरात कॉम्प्युटरमधला जाणकार म्हणून मान होता तो धाकट्याला, आणि तो मान त्याला भारी आवडायचा.

बिलिंगचा प्रोग्राम जुना, चौदा वर्षांपूर्वी बसवलेला. बसवणाऱ्या काकांनी तेव्हाच बजावलं होतं, "सिस्टीम बदलायची झाली तर आधी मला फोन करा." रविवारी दुपारी दुकान बंद असताना धाकटा एकटाच आत बसला होता. पडद्यावर नव्या सिस्टीमची सूचना आली. एवढ्यासाठी काकांना कशाला विचारायचं, असं म्हणत त्याने बटण दाबलं. नवा पडदा झळकला तेव्हा तो खूश झाला. बिलिंग उघडून बघायचं मात्र त्याला सुचलं नाही.

सोमवारी सकाळी प्रोग्राम उघडेना. प्रिंटरही ढिम्म. काउंटरसमोर पाच-सहा गिऱ्हाइकं खोळंबलेली. वहिनी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या.

"भाऊजी, माझ्याकडून काही चुकीचं दाबलं गेलं का हो?"

खरं सांगायची ती वेळ होती. पण समोर माणसं उभी होती, आणि त्याच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"काय दाबलंत कोण जाणे! सांभाळून करत जा की जरा."

वहिनींचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी हाताने बिलं लिहायला घेतली. दर माणसाला त्या म्हणत होत्या, "माफ करा हं, माझ्याकडून मशीन बिघडलंय." रांगेतल्या शाळेच्या बाई चिडल्या. "जमत नाही तर बसता कशाला?" म्हणाल्या. तेही वहिनींनी मुकाट ऐकून घेतलं. जरा उसंत मिळाली की त्या वही उघडून आपली चूक शोधत बसायच्या. एकेका ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. त्या बोटाकडे त्याला बघवेना. उगाचच तो खोकी इकडची तिकडे लावत राहिला.

दुपारी काका आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पडदा पाहिला.

"नवी सिस्टीम घातलीय. हा प्रोग्राम तिच्यावर चालायचा नाही. दहा दिवस उलटायच्या आत जुन्या सिस्टीमवर मागे जाता येतं, त्यामुळे आज निभावेल. पुढे प्रोग्राम नवाच घ्यावा लागेल." मग त्यांनी तारीख बघितली. "रविवारी, चार वाजून दहा मिनिटांनी. रविवारी दुकान उघडं असतं?"

"छे, बंद असतं," वहिनी म्हणाल्या. "किल्ली भाऊजींकडे..." आणि त्या मध्येच थांबल्या.

काकांनी वर पाहिलंच नाही. "होतं असं कधीकधी," एवढंच पुटपुटले. त्यांनी झाकून घेतलं, आणि त्यानेच धाकट्याची कानशिलं तापली.

"वहिनी, मी केलं ते," तो म्हणाला. "सकाळी मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाच."

वहिनींनी पेनाचं टोपण लावलं.

"मघाशी मी तुमच्या दादांना फोन केला होता. म्हटलं, काउंटरवर दुसरं माणूस ठेवा, हे काही माझ्या आवाक्यातलं नाही." त्यांनी वही मिटली. "चूक कुणाकडूनही होते हो, भाऊजी. पण मी सगळ्यांची माफी मागत होते, आणि तुम्ही तिथेच उभे होतात."

धाकटा बाहेर गेला आणि त्याने दादाला फोन लावून सगळं सांगून टाकलं. दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "तिला फोन दे."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बाई चपलेचा नंबर बदलायला आल्या. वहिनी काउंटरवरच होत्या, बिलिंग सुरू झालं होतं. धाकटा खोकं घेऊन पुढे झाला.

"बाई, काल मशीन यांच्याकडून बिघडलं नव्हतं. मी बिघडवलं होतं."

बाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "मग काल का नाही बोललात?"

त्याने मान खाली घातली. वहिनी त्याच्या मदतीला आल्या नाहीत. त्यांनी बाईंना विचारलं, "सहा नंबर दाखवू का सात?"