मधली रिकामी जागा

समाधान ओव्हाळ सरांचं सगळं नाव आलेखातल्या एका रिकाम्या जागेवर उभं होतं. एखादा अजस्र तारा मरताना गॅमा किरणांचा झोत फेकतो. असे स्फोट आकाशात रोज कुठे ना कुठे होत असतात. बहुतेक मंद, मोजकेच डोळे दिपवणारे. सरांनी तरुणपणी त्यांची ऊर्जा काढून आलेखावर मांडली, तेव्हा तेजस्वी एकीकडे आणि मंद दुसरीकडे पडले. मध्ये काहीच नाही. तेजस्वी स्फोटांची जातच निराळी, असं सरांनी मांडलं आणि जगानं ते मानलं.

चैताली त्यांची शेवटची विद्यार्थिनी. सर निवृत्त झाले, पाठोपाठ यकृताचा कर्करोग निघाला आणि काम तिच्या एकटीच्या अंगावर आलं. जुन्या उपकरणांच्या नजरेतून निसटलेले मधले स्फोट आता नव्या उपग्रहांना दिसू लागले होते. ते तिने मांडले आणि मधली जागा भरत गेली. अलीकडचा एक अचाट स्फोट, ज्यानं उपग्रहांवरची यंत्रंसुद्धा भांबावली होती, तोही इतरांच्याच रांगेत, अगदी टोकाला जाऊन बसला. तुलनेनं जवळचा होता, झोत नेमका आपल्याकडे वळलेला होता. जात तीच. चैतालीनं स्वतःची चूक शोधण्यात महिना घालवला. ती सापडली नाही.

एका रविवारी सकाळी मंडईतून अंजीर घेऊन ती विश्रांतवाडीला सरांच्या घरी गेली. दार सरांच्या पत्नीनं, जयाकाकूंनी उघडलं. सर आत पडून होते, पोटात पाणी झालं होतं. काकूंनी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात कामातून काय निघालं ते विचारलं. चैतालीनं सांगितलं. काकू ओट्याला टेकल्या.

"काम चालू आहे म्हणून सांग," त्या म्हणाल्या. "किती दिवस राहिलेत त्यांचे? ते सरले की छाप काय छापायचं ते."

चैतालीनं मान डोलावली. खोटं बोलायचं ठरवूनच ती खोलीत गेली. सरांनी तब्येतीचं काही बोलू दिलं नाही. मधल्या स्फोटांचं काय झालं, एवढंच विचारलं. ती म्हणाली, अजून काम चालू आहे.

"तू पहिल्या वर्षापासून खोटं बोलताना चष्मा पुसतेस," सर म्हणाले. "दाखव."

तिने लॅपटॉप त्यांच्या उशाशी धरला. सर आलेखावरून बोट फिरवत राहिले. नमुना कसा निवडला, अंतरांची खात्री कशी केली, झोताचा कोन कसा धरला, सगळं त्यांनी खोदून विचारलं. मध्येच दम लागला की डोळे मिटून थांबत. शेवटी त्यांनी बोट काढून घेतलं.

"आमच्या वेळी हे दिसतच नव्हते," ते म्हणाले. मग पुन्हा पडद्याकडे बघत, "पण दिसत नाहीत म्हणजे नाहीतच, असं मी म्हणायला नको होतं."

चैतालीला रडू आवरेना. आपलं नाव शोधनिबंधातून काढू नकोस, असं सरांनी तिला बजावलं.

"चुकलो हेही माझ्याच नावावर लागू दे."

काकू दारात उभ्या होत्या. चैताली निघाली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

त्याच आठवड्यात सर गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीत बुद्धवंदना संपल्यावर चैताली काकूंच्या पाया पडायला वाकली, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले.

निबंध पावसाळ्यानंतर छापून आला. त्याची प्रत घेऊन ती पुन्हा विश्रांतवाडीला गेली. काकूंनी प्रत हातात घेतली, नवऱ्याच्या नावावरून अंगठा फिरवला. बस म्हणाल्या नाहीत, पण दारही लावलं नाही.

"तू गेलीस त्या रात्री ते झोपले नाहीत," त्या म्हणाल्या. "छताकडे बघत होते."

"काही म्हणाले?"

"मी विचारलं, वाईट वाटतंय का. तर नुसता माझा हात धरला." काकू म्हणाल्या. "हो की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. तुला कळतंय?"

चैतालीनं नाही म्हणून मान हलवली. दोघी उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे तशाच उभ्या राहिल्या.