शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तरांच्या गाडीला आजवर साधा ओरखडाही आला नव्हता, आणि हे मास्तर कुणी न विचारता सांगत. अर्धं गाव गाडी चालवायला शिकलं ते त्यांच्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, त्यांच्याच शिव्या खाऊन. अशा माणसाची गाडी त्यांच्याच घराच्या फाटकावर मागून आदळलेली बघायला गल्ली लोटली, तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, "बायको चालवत होती." गल्लीने मान डोलावली. गल्लीला तेवढं पुरलं.

बायको अजून स्टिअरिंग धरून आतच बसली होती. तिने ते ऐकलं. मग उतरली आणि म्हणाली, "झालं माझं शिकून." मास्तरांनी जरा सुटकेचाच श्वास सोडला, हेही सांगून टाकायला हवं.

तिला शिकायचं होतं ते थोरल्या बहिणीसाठी. बहिणीला दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं असायचं आणि मास्तरांना सवड नव्हती. घरच्याच शाळेत बायको शिकाऊ होती, आणि मास्तर तिच्यावर इतर शिकाऊंपेक्षा दुप्पट ओरडत, कारण तिची फी मिळत नव्हती.

विमाही तिच्याचमुळे होता. एरवी मास्तर फक्त थर्ड पार्टी घेत. म्हणजे आपण दुसऱ्याला ठोकलं तर त्याची भरपाई. तो कायद्यानेच घ्यावा लागतो, म्हणून घ्यायचा. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा काढणं त्यांना स्वतःच्या तोंडावर थुंकल्यासारखं वाटे. पण या खेपेला बायको म्हणाली होती, "अहो, तुम्ही नाही ठोकणार. पण मी शिकतेय ना?" तेव्हा त्यांनी तोही काढला, आणि मनाशी पक्कं धरलं की हा विमा बायकोच्या वेंधळेपणाचा आहे. ती चुकली तर पैसे मिळतील. मास्तर चुकल्याचे पैसे कोण देणार? तशी सोय कुठल्या कंपनीने कशाला करावी, जे कधी होतच नाही त्याची!

त्यामुळे विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तेव्हा मास्तर निर्धास्त होते. सर्व्हेअर गाडीभोवती फिरला, उकिडवा बसला, मागचा बंपर पाहिला, फोटो काढले.

"चालवत कोण होतं?"

"ही. शिकाऊ परवाना आहे तिच्याकडे. चढावर थांबायला सांगितलं, हिने ब्रेक सोडला, गाडी मागे आली."

"आणि तुम्ही?"

"मी शेजारी. शिकवणारा शेजारीच बसतो. नाहीतर तुम्ही लोक हात वर कराल, ठाऊक आहे मला."

"बरोबर," सर्व्हेअर म्हणाला. मग तो शेजारच्या सीटच्या दारापाशी गेला. ते दार पुढच्या बाजूला उलटं दुमडून बिजागरीतून निखळलं होतं. "हे बंद असतं तर असं वाकलं नसतं. गाडी मागे येताना दार उघडं होतं, ते फाटकाच्या खांबात अडकलं. तुम्ही आत होतात तर दार कोणी उघडलं?"

मास्तर दाराकडे बघत राहिले. बायको पायरीवर उभी होती. तीही दाराकडे बघू लागली.

झालं होतं ते असं. शेजारच्या शिंपीकाकांनी स्कूटर वाकडी लावली होती. वाकडी लावलेली गाडी मास्तरांना दातात अडकलेल्या काडीसारखी सलते. "हँडब्रेक नको, दोनच मिनिटं," असं बायकोला बजावून ते चढावरच उतरले आणि शिंपीकाकांना फैलावर घेऊ लागले. आणि शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटलाही एक ब्रेक असतो. मास्तरांचा पाय त्याच्यावर होता. तो पाय मास्तरांबरोबर उतरला.

"तिने दाबला होता ना ब्रेक?" सर्व्हेअरने विचारलं.

"दाबला असेल हलकाच. तिला जोरात दाबायची सवय कुठाय," मास्तर म्हणाले, आणि मग त्यांच्या तोंडून ते निघूनच गेलं. "आजवर मीच दाबत आलोय."

"म्हणजे?" हे बायकोने विचारलं. "त्या दिवशी चौकात गाडी मी थांबवली नव्हती?"

"नाही."

"आणि ती म्हैस आडवी आली तेव्हा?"

"म्हशीच्या वेळी दोघांनी दाबला."

बायको पायरीवर खाली बसली. ती ओरडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. दोन महिने ती घरी येऊन बहिणीला फोनवर सांगत होती, आज अमुक ठिकाणी कशी झक्क थांबवली. मास्तर शेजारच्या खोलीतून ते ऐकत, आणि गप्प बसत. आता त्यांना स्वतःची लाज वाटली.

"लिहा," ते सर्व्हेअरला म्हणाले. "गाडी माझ्या ताब्यात होती. मी निष्काळजीपणाने उतरलो. तिची चूक नाही. पैसे नाही मिळाले तरी चालेल."

"न मिळायला काय झालं?" सर्व्हेअर म्हणाला. "स्वतःच्या चुकीने स्वतःच्या गाडीचं नुकसान होतं, त्यासाठीच असतो हा विमा. तुमच्याकडे पक्का परवाना आहे, ब्रेक तुमच्या पायाखाली होता. तसं मी लिहितो, ठरवेल कंपनी. थोडी रक्कम पदरची जाईल. मघाचं तुमचं खोटं लिहिलं असतं, तर मात्र सगळंच गेलं असतं."

"आणि फाटक?"

"फाटक तुमचंच. गाडीच्या विम्यात ते बसत नाही."

आपलेच दात, आपलेच ओठ. मास्तरांनी फाटक पदरमोड करून उभं केलं. शिंपीकाकांनी विचारलं तेव्हा, "मीच पाडलं," हेही स्वतःहून सांगितलं. शिंपीकाकांना ते खरं वाटलं नाही; त्या वेळी मास्तर तर त्यांच्यापुढेच उभे होते.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या सकाळी बायको किल्ली घेऊन बाहेर आली. मास्तर लगबगीने शेजारी बसले.

"मांडी घाला," ती म्हणाली.

"काय?"

"सीटवर मांडी घाला. दोन्ही पाय वर."

मास्तरांनी मांडी घातली. बेल्ट पोटावरून काचत होता, गुडघा दाराला लागत होता. चौक आला, तिने थांबवली. बाजाराच्या वळणावर हातगाडी आडवी आली, तिथे जरा धसमुसळेपणाने, पण थांबवली. मास्तर रस्ताभर स्वतःच्या पायाचा अंगठा हाताने धरून बसले होते. परत येताना घरासमोरच्या चढावर तिने गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आता उतरा," ती म्हणाली.

शिंपीकाकांची स्कूटर आजही वाकडीच होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या, ते दार धरून सावकाश उतरले, आणि मागे वळून गाडीकडे बघत उभे राहिले. गाडी जागची हलली नाही.