जन्माचा हात

शिकुकू सर दोन आठवडे कैरोला कोर्स करून आले आणि माणूस कामातून गेला. जाताना आमच्या साखर कारखान्याच्या महिला व्हॉलीबॉल संघाचे साधे प्रशिक्षक होते, येताना गळ्यात नवी शिट्टी, अंगात चकचकीत ट्रॅकसूट आणि काखेत फॉर्मांचा गठ्ठा. बसमधून उतरल्या उतरल्या आधी बायकोला भेटायचं सोडून गडी थेट मैदानावर. आता म्हणे सगळं शास्त्रानं चालणार. दहा वर्षं आम्ही काय गवत उपटत होतो?

मी मुहोंजा. दिवसा कारखान्याच्या वजनकाट्यावर बसते, चारनंतर मैदानावर. वय एकतीस, डावा गुडघा थोडा बोलतो, पण डावा हात अजून असा चालतो की समोरच्या पोरी ब्लॉकला उडी मारताना डोळे मिटून घेतात. मी डावखुरी आहे, म्हणून जाळीच्या उजव्या टोकाला खेळते. त्या जागेला आम्ही दोन नंबर म्हणतो. डावीकडचं टोक चार नंबर.

यातलं गणित शेंबड्या पोरालाही कळेल. चेंडू उंच उडवून देणारी मधे उभी असते. चार नंबरवालीकडे चेंडू येतो तिच्या उजव्या बाजूने, म्हणजे उजव्या हाताला तो आधी सापडतो. दोन नंबरवालीकडे येतो डाव्या बाजूने, तो डाव्या हातासाठीच. उलटं केलंत की चेंडू सगळ्या अंगावरून पलीकडे जाईपर्यंत थांबायचं, मग मारायचा. तोवर समोरची ब्लॉकवाली केस विंचरून तयार. उजव्या हाताच्या पोरी आमच्याकडे पोत्यानं मिळतात. डावखुरी मात्र दहा वर्षांत मी एकटीच होते.

तर फॉर्म. त्यात पाच प्रश्न. लिहिता कुठल्या हाताने, जेवता कुठल्या हाताने, दात कुठल्या हाताने घासता, कात्री कुठल्या हाताने धरता, दगड कुठल्या हाताने मारता. मी खरं ते लिहिलं. लिहिणं उजव्याने, कारण शाळेत बाईंनी डाव्या बोटांवर छडी मोडेपर्यंत मारलं. जेवण उजव्याने, कारण आईने कमरेला गुंडाळायच्या लेसोची पट्टी फाडून माझा डावा हात पाठीशी बांधला होता, सलग दोन पावसाळे. दात आणि कात्री त्याच ओघात. दगड फक्त डाव्याने, कारण दगड मारताना आई बघत नव्हती.

सरांनी बेरीज केली. चार उजवे, एक डावा. म्हणाले, तू मुळात उजव्या हाताची आहेस, आजवर चुकीच्या जागी खेळलीस. मी म्हटलं, सर, दहा वर्षं मी डाव्याने मारतेय ते काय होतं मग? म्हणाले, मारणं शिकवता येतं, ती सवय. जन्माचा हात वेगळा. वा रे शास्त्र! दुसऱ्याच दिवशी मला चार नंबरवर टाकलं. चेंडू अंगावरून पलीकडे जाणार, मी वाट बघणार, एक जाळीत, दोन बाहेर. सर वहीत लिहीत होते आणि मान हलवत होते. खासांडी, आमची चेंडू देणारी, माझ्याकडे बघायचं टाळत होती. सर तिला हळूच म्हणाले, वय झालं तिचं. हळूच, पण मला ऐकू जाईल इतपत.

दोन नंबरवर आणली मेट्रीन. एकवीस वर्षांची, गेल्याच महिन्यात निवड चाचणीतून आलेली. चाचणीला चार नंबरसाठी सतरा पोरी रांगेत होत्या आणि दोन नंबरसाठी ही एकटी. पाचही प्रश्नांना हिचं उत्तर डावा. सर तर तिच्या फॉर्मकडे असे बघत होते की जणू फ्रेम करून घरी लावतील. मारायची कशी? बरी मारायची. हात जायचा बरोबर जागी, पण कोपर कुदळीसारखं ताठ. शिकलेला हात होता तो. चेंडू पलीकडे पडायचा, पण कुणाला झोंबायचा नाही.

मला संशय होताच. तो पक्का झाला मेसमध्ये. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकुमाची पालेभाजी होती. मेट्रीन समोर बसली आणि डाव्या हाताने जेवायला लागली. मनगटापर्यंत रस्सा, ना लाज ना शरम. वाढणाऱ्या रोडा मावशीने तर पळी तशीच हवेत धरली. माझ्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या भागात डावखुरी जन्मलेली कुठलीही पोर चारचौघांत डाव्या हाताने जेवत नाही. तिची आई, आत्या, शेजारीण, शाळेतली बाई, सगळ्यांनी मिळून तो हात ताटातून केव्हाच उठवलेला असतो. डाव्याने बिनधास्त जेवते ती, जिला त्या हाताबद्दल कधी मार पडलेला नाही. म्हणजे जन्मतः उजवी! चार नंबरची रांग चुकवायला डावखुरीचं नाटक करता करता बाई एक पायरी जास्त चढली होती. त्याच संध्याकाळी मैदानाच्या कडेला तिच्या मानेवर डास बसला तर मारायला तिचा उजवा हात गेला. मी बघितलं आणि मनातल्या मनात थुंकले.

दुसऱ्या दिवशी सरांना ऑफिसात गाठलं. म्हटलं, सर, ती पोरगी डावखुरी नाही.

“का?”

“डाव्या हाताने जेवते म्हणून.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “म्हणजे ती डाव्याने जेवते म्हणून उजवी. आणि तू उजव्याने जेवतेस म्हणून डावखुरी. मुहोंजा, बोलतेस काय ते एकदा स्वतः ऐक.”

“सर, तुम्ही इथलेच ना? तुमच्या घरात एखादं डावखुरं पोर असेल, त्याला विचारा.”

“आमच्या घरात असली भानगड नाही,” सर म्हणाले, आणि त्या एका वाक्यात त्यांना सगळं कळायला हवं होतं. पण कळायला डोकं लागतं, शिट्टी नव्हे. मी तिथंच उभी राहिले. शनिवारी अंतिम सामना होता. एकतिसाव्या वर्षी चार नंबरवर माझी सगळ्यांदेखत फजिती झाली की पुढच्या मोसमात मला पाण्याच्या बाटल्या उचलायलाही कुणी ठेवणार नव्हतं. दोन नंबर गेला की माझा खेळ संपला. हे मी त्यांना सांगितलं.

सरांना दया आली असावी, किंवा शास्त्र दाखवायची हौस. म्हणाले, ठीक आहे, आज दुपारी सगळ्यांसमोर डाव्या हाताने जेव. जन्माचा हात काही विसरत नाही. जेवलीस तर दोन नंबर तुझा.

मी हसत बाहेर पडले. एवढंच? या हाताने मी दहा वर्षं चेंडू फोडले, याला एक घास जड होता? खासांडीला म्हटलं, आज बघच माझी गंमत.

दुपारी सगळा संघ मेसमध्ये. सर माझ्या बाजूला वही उघडून, समोर मेट्रीन. मी उजवा हात मांडीखाली घातला आणि डाव्याने उगालीचा तुकडा तोडला. इथपर्यंत ठीक. मग तो बोटांत वळायचा, मधे खळगा पाडायचा, त्यात भाजी उचलायची. रोजचं काम. पण बोटं एकमेकींना ओळखेनात. तुकडा वळताना फुटला आणि अर्धा टेबलावर पडला. दुसरा घेतला. तो वळला, पण भाजी उचलताना खळगाच उलटा झाला आणि भाजी सगळी मांडीवर. कुणीतरी फिसकन हसलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला पाठीवर चापट बसेल असं वाटलं. आई जाऊन सहा वर्षं झालीत. तरी मी मान आत घेतली, एवढ्या सगळ्यांसमोर, एकतीस वर्षांची बाई. तिसरा घास तोंडापर्यंत गेलाच नाही.

समोर मेट्रीन डाव्या हाताने आरामात जेवत होती.

सरांनी वही मिटली. आवाजात विजय नव्हता, ते आणखी वाईट. “चार नंबर,” म्हणाले, आणि चहा घ्यायला उठले. खासांडी ताटात बघत राहिली.

मग मेट्रीन पुढे वाकली. मला वाटलं आता काहीतरी टोचून बोलेल. तसं बोलली असती तर बरं झालं असतं, तोंडावर ताट फेकून मारायची माझी तयारी होती.

“ताई,” ती अगदी हळू म्हणाली, “बोटांनी आवळू नका. तळहातावर ठेवून अंगठ्याने दाबा. मला सहा महिने लागले.”

मी तिच्याकडे बघितलं. सहा महिने. कुठल्यातरी खोलीत दार लावून, रोज, एकेक घास सांडत. तिच्याबद्दल जी थुंकी मी तोंडात जपून ठेवली होती ती मला गिळावी लागली. मला आईचा राग आला, पहिल्यांदाच, आणि इतका की डोळ्यांत पाणी आलं.

मी तुकडा तळहातावर घेतला, अंगठ्याने दाबला. खळगा पडला. भाजी उचलली, घास तोंडात गेला. सर तोवर चहाच्या पातेल्यापाशी पोचले होते, आमच्याकडे पाठ करून, आणि मावशीला साखर जास्त घालायला सांगत होते.