नवखी

"ओरडला का?" ऑर्व्हिलमामाने कुजबुजत विचारलं.

लिओनाने वळून त्याच्याकडे पाहिलं. नर टर्की नुकताच तिसऱ्यांदा ओरडला होता. खालच्या घळीतून तो गडगडाट असा आला होता, की पाठ टेकलेल्या ओकच्या खोडातूनही तिला तो जाणवला. मामा मात्र गुडघ्यावर पाटीची डबी घेऊन, काडी हवेत धरून उत्तराची वाट पाहत बसला होता. त्या पाटीवर काडी घासून नराला बोलावणारा मादीचा आवाज काढण्यात सगळ्या जिल्ह्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"ओरडला. उजवीकडे, ओढ्याच्या अलीकडे," ती म्हणाली.

"हां, तेच म्हणतोय मी."

तो तसं काहीच म्हणत नव्हता. एकेचाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतीपाशी उभं राहून त्याचे कान गेले होते. डॉक्टरांनी यंत्र घालायला सांगितलं, तेव्हा "कानात शेंगदाणे कोंबून हिंडायला मी काय खार आहे?" म्हणून तो उठून आला होता. गेल्या वर्षी लिओना पहिल्यांदा त्याच्याबरोबर रानात आली. तिला वाटायचं, मामा आपल्याला शिकवायला म्हणून विचारतो, आवाज कुठून आला, किती लांबून आला. यंदा तिच्या लक्षात आलं, की ती त्याचे कान होऊन आली आहे.

लिओना चव्वेचाळीस वर्षांची होती. ती शाळेची बस चालवायची. सहा वर्षांपूर्वी नवरा टल्साला कामासाठी गेला आणि तिकडचाच झाला. तेव्हापासून दर शनिवारी मामा अवजारांची पेटी घेऊन यायचा. कधी नळ, कधी छप्पर, कधी नुसतीच कॉफी. मग एका शनिवारी म्हणाला, "वसंतात घरात बसून काय करतेस? चल टर्कीच्या शिकारीला." गावच्या अग्निशमन केंद्रात तो तीस वर्षं बंदूक सुरक्षितपणे वापरायचा वर्ग घेत होता. त्या वर्गात ती तिच्याच बसमधल्या मुलांशेजारी बसली आणि पास झाली. पहिल्या वर्षी एकही पक्षी तिच्या हाती लागला नाही. तरी यंदा एप्रिल लागल्यापासून तिची झोप उडाली होती.

साडेआठनंतर नर गप्प झाला. मामाने चार वेळा काडी घासली, पण उत्तर नाही. वाराही पडला होता. सकाळपासून टकटक करणारा सुतारपक्षीसुद्धा थांबला होता. एवढ्या मोठ्या रानात आपल्या श्वासाशिवाय काहीच ऐकू येऊ नये, हे लिओनाला बरं वाटेना.

"मामा, आज पुरे करू या का?"

"एक वाजेपर्यंत शिकारीला मुभा आहे. तो मादीबरोबर खाली उतरला असणार. आपण गाडीने वळसा घालून खालच्या फाटकातून शिरू. चल, ऊठ."

खालच्या फाटकाशी देवदाराखाली एक निळी मोटार उभी होती. लिओनाने तिच्या बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम होतं.

"कुणीतरी आत्ताच आत गेलंय."

"मासे धरणारा असेल कुणी. ओढ्याकडे गेला असेल."

"आपल्याला काय माहीत? सरकारी रान आहे. राहू दे ना. उद्या येऊ."

"उद्या पाऊस आहे." मामाने खिशातून काडतुसं काढून बंदुकीत भरली. एक खाली पडलं. ते उचलताना त्याला दोनदा गवत चाचपावं लागलं. "अगं, तीन वेळा ओरडलेला नर सोडून घरी जायचं? बसमधल्या पोरांना काय सांगशील?"

त्या वेळी आपण पाय रोवून उभं राहायला हवं होतं, असं लिओनाला पुढे कितीतरी वेळा वाटलं. पण ती नवखी होती आणि तो ऑर्व्हिल हॅचर होता. ती त्याच्यामागून आत गेली.

घळीत डॉगवूड फुलला होता. पांढऱ्या फुलांमुळे समोरच्या उतारावरचं काही धड दिसत नव्हतं. मामाने तिला एका रुंद ओकपाशी बसवलं आणि स्वतः डावीकडे चाळीसेक पावलांवर जाऊन बसला. जाण्याआधी वर्गात सांगायचा तेच पुन्हा सांगितलं, "नुसतं डोकं दिसलं म्हणून घोडा ओढायचा नाही. नराच्या छातीवर लोंबणारी केसांची दाढी दिसली पाहिजे. दाढी नाही, तर गोळी नाही."

मग त्याने काडी घासली. मादीचा तो आर्जवी आवाज घळीत घुमला आणि विरला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मग लिओनाला पाचोळा ऐकू आला.

खरड, खरड. मग शांत. पुन्हा खरड, खरड. मग शांत. टर्की पायाने पानं उकरतो, मान वर करून बघतो, पुन्हा उकरतो, ते असंच. आवाज समोरून, उतारावरून येत होता आणि जवळ येत होता. मामाने तो ऐकलेला नव्हता, हे त्याच्या बसण्यावरून तिला कळलं. तिने हळूच हात उचलला आणि बोटाने दिशा दाखवली. मामाची बंदूक वळली.

डॉगवूडच्या मागे काळं काहीतरी हललं. फुलांच्या फटीतून लालभडक डोकं वर आलं आणि खाली गेलं. मानेशी फिकट निळं होतं. लिओनाने बंदूक खांद्याला लावली आणि सुरक्षेचा खटका पुढे सरकवला. नळीच्या टोकावरचा मणी त्या लाल डोक्यावर आला. तो नर होता. त्याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. फक्त छातीपुढे एक फांदी आडवी येत होती. ती बोट घोड्यावर ठेवून डोकं पुन्हा वर येण्याची वाट पाहत राहिली.

डोकं वर आलं आणि डावीकडून बार झाला.

पक्षी फडफडला नाही. पांढऱ्या फुलांमागून माणसाचा आवाज आला. "मी माणूस आहे," तो म्हणाला. तो ओरडला नाही, कुणाला तरी समजावून सांगावं तसा म्हणाला. "मारू नका. मी माणूस आहे."

साठीच्या पुढचा एक माणूस उताणा पडला होता. काळं जाकीट, गळ्यात निळा रुमाल, उन्हाने लाल झालेलं टक्कल. शेजारी काठी पडली होती आणि कांद्याच्या जाळीदार पिशवीतून रानातल्या अळंब्या सांडल्या होत्या. तो काठीने पाचोळा सारून अळंब्या शोधत होता. छर्रे खांद्यात, गळ्याच्या कडेला आणि चेहऱ्याच्या डाव्या बाजूला लागले होते. डावा डोळा लिओनाला बघवला नाही. तिने त्याचाच रुमाल सोडून घडी केली आणि गळ्याशी दाबून धरली.

"नाव काय तुमचं? बोलत राहा माझ्याशी."

"लॉइड. लॉइड एकर्ट." तो थंडीने कापत होता. "माझी बायको अकरा वाजता वाट बघायला लागेल."

"मामा, इकडे ये. इथे दाब. सोडू नको. घळीत फोन लागत नाही, मी वर जाते."

ऑर्व्हिलमामा गुडघ्यावर बसला. त्याचे हात लाकडासारखे झाले होते. तिने ते उचलून रुमालावर ठेवले. ती वळली, तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "लिओना, तू नवखी आहेस. नवख्याच्या हातून होऊन जातं. लोक समजून घेतात."

तिला ते नीट ऐकू आलं. उत्तर न देता ती चढ धावत सुटली.

लॉइडला उचलून फाटकापर्यंत आणायला पाऊण तास गेला. रुग्णवाहिका निघून गेल्यावर वन्यजीव खात्याचा अधिकारी वही काढून त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याचं नाव केसलर. वीस वर्षांपूर्वी तोही मामाच्याच वर्गात बसला होता. त्याने आधी मामाकडे पाहिलं, मग लिओनाकडे, आणि नजर तिच्यावरच ठेवली.

"तुमचं हे दुसरं वर्ष ना, लिओना?"

"हो."

"घाबरू नका. जे झालं ते सांगा. बार कुणी काढला?"

लिओनाच्या बाहीवरचं रक्त वाळून कडक होत होतं. मी काढला म्हटलं, तर बस गेली. कुठलीही शाळा तिच्या हाती मुलं देणार नाही. मामाने काढला म्हटलं, तर तीस वर्षांचा वर्ग गेला, आणि दर शनिवारी अवजारांची पेटी घेऊन येणारा तो माणूसही. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. तिने खटका सरकवला होता. मणी त्या डोक्यावर होता. आडवी फांदी एक वीत खाली असती, तर बार तिनेच काढला असता.

मामा जमिनीकडे बघत होता. त्याला प्रश्न ऐकू गेला नव्हता, की त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, ते तिला अजूनही ठरवता आलेलं नाही.

केसलरने तिच्या बंदुकीकडे हात केला. "बघू."

तिने बंदूक पुढे केली. तेव्हा मामाने मान वर केली.

"ती भरलेली आहे, जपून," तो म्हणाला. "तिने बार काढलेला नाही. मी काढला." आणि पुढे, "तिच्यावर ढकलायचं माझ्या मनात आलं होतं. तेही लिही."

केसलरने ते लिहिलं नाही. त्याने मामाची बंदूक काढून घेतली आणि वही मिटली.

संध्याकाळी इस्पितळाच्या आवारात दोघं गाडीत बसून होते. आतून निरोप आला होता, की माणूस जगेल, डोळा मात्र गेला. मामाने सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं.

"मामा," लिओना म्हणाली, आणि त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाकडे झुकून पुन्हा मोठ्याने म्हणाली, "मलाही नरच दिसला होता."

तो समोरच्या काचेतून बघत होता. "मग थांबलीस कशी?"

"दाढी दिसत नव्हती."

"मला दिसली," तो म्हणाला. "इतकी लांब. केस मोजता आले असते. अजून दिसतेय." तळहात उघडून त्याने त्यात पाहिलं. "जे नव्हतं ते मला दिसलं, पोरी. आता मी डोळ्यांवर तरी कसा विश्वास ठेवू?"

मे महिन्यात निकाल लागला. मामाचा परवाना कायमचा गेला. अग्निशमन केंद्राच्या फळ्यावरून त्याचं नाव पुसलं गेलं. लोक वाईट बोलले नाहीत. ते नुसते बोलायचे थांबले. रविवारी चर्चमध्ये त्याच्या बाकावर दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहू लागली. लिओनाची बस चालू होती. पण दोन घरांच्या आया आपल्या मुलांना स्वतः शाळेत सोडू लागल्या. का, ते कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

जूनमधल्या एका शनिवारी मामा आला, तो अवजारांशिवाय. दाढी केलेली, धुतलेला शर्ट.

"मला लॉइड एकर्टच्या दुकानात सोड."

लॉइड शेजारच्या गावचा न्हावी होता. लिओनाने मामाची बरीच समजूत घातली, पण तो ऐकेना.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भिंतीपाशीच्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी फरशी झाडून लख्ख होती. लॉइड खिडकीजवळ उभा होता. डाव्या डोळ्यावर काळी पट्टी, गालावर बारीक निळे डाग. त्याने मामाला ओळखलं. हातातलं फडकं त्याने घडी करून खाली ठेवलं.

"काय काम आहे?"

"केस कापायचेत," मामा म्हणाला. "आणि मान वस्तऱ्याने साफ करायचीय."

"वस्तरा मी एप्रिलपासून हातात घेतलेला नाही. मला अंतर कळत नाही. कात्रीनेसुद्धा लोकांचे कान वाचवावे लागतात. म्हणून तर कुणी येत नाही."

"ऐकलंय मी."

"मग?"

मामाने टोपी काढून खुंटीला अडकवली. तो मोठ्या खुर्चीत बसला, कॉलरचं बटण सोडलं आणि मान पुढे झुकवली.

लॉइड कितीतरी वेळ त्याच्या मागे उभा राहिला. आरशात लिओनाला दोघांचे चेहरे दिसत होते. मधे पडायला हवं असं तिला वाटलं, पण ती दारातून हलली नाही. मग लॉइडने खण उघडला. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासल्याचा आवाज झाला, एकदा, दोनदा, सावकाश. त्याने मामाच्या मानेला साबण लावला. डाव्या हाताचं एक बोट त्याने कानामागे त्वचेवर टेकवलं, मान कुठे आहे याची खात्री करून घेतल्यासारखं, आणि त्या बोटाला लावून पातं खाली उतरवलं.

मामाने डोळे मिटून घेतले.

"हलू नका," लॉइड म्हणाला.

"नाही हलत," मामा म्हणाला.