आर्डेल खुर्चीवरून उठली नाही

माझी बहीण आर्डेल माझ्याहून चार वर्षांनी मोठी. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात आमच्या गावाबाहेर कॅटफिश साफ करायचा कारखाना आहे. तिथल्या सरकत्या पट्ट्यावर आम्ही दोघी काळ्या बहिणी एकोणीस वर्षं शेजारी शेजारी उभ्या राहिलो. पायाखाली बर्फाचं पाणी, हातात सुरी, आणि समोरून मासे येतच राहतात. संडासला जायचं तरी हात वर करून विचारावं लागतं.

आर्डेलचा हात फार वेळा वर जायला लागला तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. पलीकडच्या बायका चिडवायच्या, "आत कुणाला लपवून ठेवलंयस गं?" तीही हसायची. एकदा घरी येताना गाडीत तिने मला सांगितलं, की महिनाभर शौचावाटे रक्त जातंय.

गावात दवाखाना एकच. डॉक्टर गोऱ्या कातडीचे, आवाज मवाळ. त्यांनी न तपासताच मूळव्याध म्हणून मलम दिलं, तळलेलं कमी खा म्हणाले. दोन महिन्यांनी चक्कर यायला लागली, तर रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा गेली, तेव्हा घरात काही ताण आहे का, असं विचारलं. दर खेपेला कामावर खाडा. वर्षात सहा खाडे झाले की नोकरी जाते आणि नोकरीबरोबर विमाही जातो. चौथ्यांदा ती गेलीच नाही. पँटमध्ये घडी घातलेला टॉवेल ठेवून मासे कापत राहिली.

आमची मुकादम मिस डार्ला. गोरी, आर्डेलच्याच वयाची. त्या वसंतात ती दीड महिना आली नाही, आणि आली ती अर्धी होऊन. जेवणाच्या सुट्टीत तिने आपणहून सांगितलं. रक्त जायला लागलं म्हणून ती त्याच डॉक्टरांकडे गेली होती. त्यांनी त्याच दुपारी जॅक्सन शहरातल्या इस्पितळात फोन लावला. दुर्बीण घातली, आतड्यात गाठ निघाली, वेळेत कापून टाकली.

आर्डेलने डबा बंद केला. "पहिल्याच खेपेला पाठवलं तुम्हाला?"

"हो. का गं?"

"मला मलम दिलं."

डार्ला खाली बघून म्हणाली, "उद्या जा. लिहून दिल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस." दुसऱ्या दिवशीचा आमचा खाडा तिने मांडला नाही.

मी आर्डेलबरोबर आत गेले. डॉक्टर म्हणाले, या तपासणीचं अजून तुमचं वय नाही.

"मिस डार्ला माझ्याहून पाच महिन्यांनी लहान आहे," आर्डेल म्हणाली.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. बाहेर माणसं खोळंबलीत, म्हणाले.

"थांबू देत. मी अकरा महिने थांबलेय."

नर्स दोनदा दारात येऊन गेली. आर्डेल मांडीवर पर्स घेऊन बसून होती. शेवटी त्यांनी लिहून दिलं, आणि कागद तिच्या हातात न देता टेबलावर सरकवला.

तारीख मिळाली अकरा आठवड्यांनंतरची. जॅक्सनला तपासणी झाल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला शेजारी बसवून सांगितलं, की कॅन्सर आहे आणि तो यकृतापर्यंत पोचलाय. आधी का नाही आलात, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं, पण आर्डेलने माझा हात दाबला. परतताना गाव जवळ आल्यावर म्हणाली, "सगळ्यांना वाटणार, मी कुणाला सांगितलंच नाही."

ऑपरेशन झालं. मग दर पंधरा दिवसांनी औषध चढवायला दोन तासांचा प्रवास. औषधाचा एक छोटा पंप दोन दिवस कमरेला लावून घरी पाठवायचे. रजा संपली, आणि विमा टिकवायचा तर कामावर जाणं भागच होतं. रबरी एप्रनखाली पंप बांधून ती पट्ट्यावर उभी राहायची. त्या औषधाने गार वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचतात, आणि आमचं सगळं काम बर्फात. घरी ती कोमट पाणी प्यायची, फ्रिज नवऱ्याकडून उघडवायची. कारखान्यात मात्र हातमोज्यांवर हातमोजे चढवून मासा धरायची. तिच्या हातून सुरी पडायची, मी उचलून द्यायचे.

डार्लाने तिला खोकी जुळवायच्या कोरड्या खोलीत हलवलं. तीन महिने बरे गेले. मग वरच्या साहेबांनी विचारलं, हिलाच का? आर्डेल परत बर्फावर आली.

मी तिला म्हटलं, सोडून दे. ती म्हणाली, "सोडलं तर औषध बंद. नाही सोडलं तर हे. तू सांग, कुठल्या दाराने जाऊ?"

सेहेचाळिसाव्या वर्षी, ऑक्टोबरमध्ये ती गेली. डार्ला चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली होती. नंतर कोंबडी-भाताचं मोठं भांडं आणून तिने आमच्या टेबलावर ठेवलं.

जाण्याआधी आर्डेलने माझ्याकडून वचन घेतलं होतं, म्हणून मी दुर्बीण घालून घेतली. गावातल्या त्याच डॉक्टरांकडे गेले. बहिणीचं नाव सांगितल्यावर त्यांनी काही न विचारता लिहून दिलं. दोन बारक्या गाठी निघाल्या, तिथल्या तिथे काढल्या.

परवा डार्ला माझ्याजवळ आली. तिची पाच वर्षांनंतरची तपासणी स्वच्छ आली होती. सांगून झाल्यावर ती ओशाळली. मी म्हटलं, बरं झालं, आणि ते मनापासून म्हटलं. तिचं वाईट व्हावं असं मला कधीच वाटलं नाही. पण ती समोर बसली की माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि कारखान्यात जेवायची खोली एकच आहे.